लिऑनला जाऊन वरणभात!

हिवाळा सरता सरता आपल्या वर्तमानपत्रांतून युरोपच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. आयफेल मनोरा, स्वित्झर्लंडचे बर्फ, व्हेनिसच्या होड्या ही चित्रे त्यांत असायचीच; परंतु सर्वांत ठळक टायपात जे छापलेले असते ते यांपैकी काहीच नसते. ठळक टायपात असते ते एक अभयवचन : ‘रोज आपले भारतीय जेवण!’ कोणी त्याही पुढे जाऊन वरणभाताचे आणि पुरणपोळीचे नाव घेतो. ते वाचून घराघरांतून समाधानाचे निःश्वास सुटतात आणि पैसे भरले जातात.

या अभयवचनाशी मला भांडायचे आहे. सणासुदीच्या अंकात भांडण कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण फराळाचे ताट समोर असताना जेवणावरून भांडायचे नाही, तर मग केव्हा भांडायचे?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : जो माणूस परमुलखात जातो आणि त्या मुलखाच्या चुलीपाशी एकदाही बसत नाही, त्याने तो मुलूख पाहिला असे म्हणता येत नाही. त्याने त्या मुलखाची चित्रे पाहिली. ती घरी बसून, पाय पसरून आणि फुकटात पाहता आली असती. देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन दर्शन न घेता परत फिरणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. मग फ्रान्समध्ये जाऊन फ्रान्सचे जेवण न जेवता परतणाऱ्याला कोणत्या न्यायाने शहाणा म्हणायचे?

आधी हे ‘आपले जेवण’ म्हणजे काय असते ते सांगते. गेल्या वर्षी आमच्या घरचे, माझी नणंद आणि मी असे तिघे अशाच एका सहलीला गेलो होतो. रोममध्ये पनीर आणि पिवळी डाळ मिळाली. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी डाळ आणि पनीर मिळाले. पॅरिसमध्ये दोन्ही मिळाली आणि वर जिरेभात. आमच्या मंडळींत रत्नागिरीचे होते, सोलापूरचे होते, नागपूरचे होते. यांपैकी कोणाच्या घरी रोज संध्याकाळी पनीर शिजते? रत्नागिरीकराला सोलकढी मिळाली नाही, सोलापूरकराला ज्वारीची कडक भाकरी मिळाली नाही, नागपूरकराला वडाभात मिळाला नाही. तरीही सगळे ‘आपले ते आपले’ म्हणत तृप्तीचे ढेकर देत होते! म्हणजे परक्याचे खायचे नाही एवढाच हट्ट. आपले कोणते, याचा पत्ता कोणालाच नाही. हा स्वदेशाभिमान असेल तर तो फारच स्वस्तातला आहे. मला तर ती निव्वळ भीती वाटते, आणि भीतीला अभिमानाचा शालू नेसवला तरी तिची चाल लपत नाही.

आता लिऑनविषयी. तेथले लोक आपल्या गावाचा उच्चार ‘ल्यों’ असा करतात. पण आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी लिऑन पाठ करून घेतले, म्हणून तेच लिहिते. ऱ्होन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर. शहरात दोन टेकड्या. एक प्रार्थना करते आणि दुसरी काम करते, अशी तेथली म्हण आहे. प्रार्थना करणारी ती फूर्विएर. तिच्यावर मोठे चर्च आहे. काम करणारी ती क्रुआ-रूस. तिच्यावर रेशीम विणणाऱ्यांची वस्ती होती. या विणकरांना ‘कान्यू’ म्हणत. ज्या जॅकार्ड यंत्राचे नाव आज येवल्याच्या पैठणीवाल्यांच्याही तोंडी आहे, ते यंत्र याच लिऑनच्या जोझेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास तयार केले. माग उंच, म्हणून क्रुआ-रूसच्या घरांची छपरेही उंच. त्या उंच छपराखाली कान्यू आपल्या बायकामुलांसह राहत, विणत आणि झोपत. ते विणत ते रेशीम राजेरजवाड्यांच्या अंगावर जाई. विणणाऱ्याच्या हाती मजुरी किती पडायची ते व्यापारी ठरवीत.

१८३१ च्या नोव्हेंबरात हे विणकर उठले. मजुरीचा किमान दर बांधून मिळावा एवढीच त्यांची मागणी होती. दर ठरला, आणि कित्येक व्यापाऱ्यांनी तो पाळण्याचे नाकारले. विणकरांनी शहर ताब्यात घेतले आणि काही दिवस ते त्यांच्याच हाती राहिले. मग सैन्य आले. १८३४ च्या एप्रिलात पुन्हा उठाव झाला आणि तो रक्तात बुडवण्यात आला.

वाचक म्हणतील, बाई जेवणाचे सांगता सांगता बंडाकडे कुठे वळल्या? वळले नाही, जेवणाचेच सांगते आहे. लिऑनची जी खाणावळ आज जगप्रसिद्ध आहे तिला ‘बुशों’ म्हणतात. हा बुशों म्हणजे कष्टकऱ्यांची खाणावळ. भल्या पहाटे कामाला लागलेले लोक सकाळी नऊच्या सुमारास येथे भरपेट न्याहारी करीत. तिला ‘माशों’ असे नाव आहे. खाटकाकडे श्रीमंतांनी उत्तम मांस उचलल्यावर जे उरे, म्हणजे पोटातले, पायाचे, डोक्याचे, त्याचे या खाणावळींनी पदार्थ केले. आपल्याकडे ज्याला वजडी म्हणतात त्याचे येथे मोठे कौतुक. बैलाच्या कोठ्याचा तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचा, आणि पलटणीतल्या सापर सैनिकांच्या चामडी एप्रनाचे नाव त्याला द्यायचे! ताज्या चक्क्यात लसूण, कांदा, हिरवी पात, तेल आणि सिरका घालून जो पदार्थ करतात त्याचे नाव तर ‘कान्यूचा मेंदू’. विणकरांना मेंदू विकत घेणे परवडत नसे, म्हणून हे नाव पडले असे कोणी सांगतात. मालकवर्गाने केलेली ही थट्टा आहे असेही सांगतात. काही असो, थट्टा करणारे गेले आणि पदार्थ राहिला. आज साऱ्या शहराने तो मानाने ताटात घेतला आहे.

फ्रेंच जेवण म्हणजे चांदीची भांडी, पांढरे हातमोजे आणि ताटलीच्या मध्यभागी एवढासा घास, अशी आपल्याकडे समजूत आहे. सिनेमाने ती करून दिली आणि आपण तिला घट्ट धरून बसलो. ही समजूत असलेला माणूस दारातूनच मागे फिरतो आणि म्हणतो, ‘ते आपल्यासाठी नाही.’ अहो, ते आपल्यासारख्यांसाठीच तर होते!

आमची बस लिऑनला एका रात्रीपुरती थांबली तेव्हा वन्संना आणि मला हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. आमच्या घरचे पनीराशी एकनिष्ठ राहिले. आम्ही दोघी मात्र मुक्कामाच्या हॉटेलातल्या कारकुनाकडून ‘मांस नको, मासळी नको’ असे फ्रेंचमध्ये एका चिठ्ठीवर लिहून घेऊन निघालो, कारण वन्सं शाकाहारी आहेत. खाणावळ लहानशी होती. लाल-पांढऱ्या चौकड्यांची टेबलक्लॉथे, भिंतीवर जुन्या तसबिरी, आणि टेबले इतकी जवळ जवळ की शेजाऱ्याचे कोपर आपल्या ताटात यावे. वाढणारी बाई साठीची असेल. तिने चिठ्ठी वाचली, वन्संकडे पाहिले, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आत निघून गेली. ती रागावली की काय, अशी शंका मला आली.

ती रागावली नव्हती. वन्संसाठी तिने दूध, साय आणि लसूण घालून भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या आणल्या, हिरवा पाला आणला, आणि तो ‘कान्यूचा मेंदू’ एका वाडग्यात आणला. नाव मी वन्संना जेवण झाल्यावर सांगावे असे ठरवले होते. पण त्यांनी आधीच विचारले, म्हणून सांगितले.

“अगं वहिनी,” वन्सं पावाला लावून चाखत म्हणाल्या, “मेंदू कसला? हा तर आपला चक्का! साखरेऐवजी लसूण पडली एवढंच.”

मी कनेल मागवले. पाइक नावाचा नदीतला मासा असतो, काट्यांनी भरलेला. त्याचे मांस काटे काढून कुटतात, त्यात अंडी, लोणी, पीठ घालून लांबट गोळे करतात, आणि ते भट्टीत फुगले की नदीतल्या शेवंडासारख्या लहान प्राण्यांच्या रश्शात वाढतात. काटेरी माशाला कंटाळून तो फेकून न देता त्याचे एवढे लाड करणाऱ्या माणसांविषयी कोकणच्या मुलीला परकेपणा वाटणे शक्यच नाही. शेजारच्या टेबलावर ते एप्रन आले होते. ते गाईबैलांचे, म्हणून मी नको म्हटले. बाईने खांदे उडवले आणि हसली. कोणी कोणाला उपदेश केला नाही.

पाण्याचे पैसे पडले नाहीत, पावाचे पडले नाहीत. तेथे जेवणाबरोबर नळाचे पाणी आणि पाव द्यावेच लागतात. सेवेचे मोल पदार्थाच्या किमतीतच धरलेले असते, म्हणून बक्षिसीची टोचणी नाही. शेवटी लाल साखरबदामांची गुलाबी गोड टार्ट आली, ती आम्ही दोघींत खाल्ली. दोघींचे मिळून साठ युरोंच्या आत झाले.

यातून मी जे शिकले ते पदार्थांपुरते नाही. त्या भिंतीवरच्या तसबिरींत बहुतेक बायका होत्या. लिऑनमध्ये त्यांना ‘मेर’ म्हणतात, म्हणजे आई. या बायका श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकिणी होत्या. मालकांची घरे खालावली तेव्हा कित्येकींनी स्वतःच्या खाणावळी काढल्या. मेर फियू अशीच एक. आणि तिच्या हाताखाली शिकलेली यूजेनी ब्राझिए तर या सर्वांची मुकुटमणी. ब्राझिएचा जन्म १८९५ चा, शेतकऱ्याच्या घरचा. दहा वर्षांची असताना आई गेली. ती दुसऱ्यांच्या शेतावर राबली. शाळेत गेली ती हिवाळ्यात, कामे नसताना, तेवढीच. एकोणिसाव्या वर्षी लग्नावाचून मूल झाले आणि बापाने घराबाहेर काढले. अशी ती लिऑनला आली, आणि १९२१ साली तिने स्वतःची खाणावळ उघडली. १९३३ साली मिशेलिनच्या मार्गदर्शक पुस्तकाने तिच्या दोन निरनिराळ्या उपाहारगृहांना तीन तीन तारे दिले. असे सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती. पुरुषांचा जगप्रसिद्ध बल्लवाचार्य पोल बोक्यूझ तिच्याच स्वयंपाकघरात उमेदवारी करून गेला. आणि पुढचे ऐका : १९९८ साली आलँ द्युकास या आचाऱ्याला असेच सहा तारे मिळाले, तेव्हा हा ‘पहिलाच’ असा गाजावाजा झाला! पासष्ट वर्षांपूर्वी एका बाईने ते करून ठेवले आहे, याची आठवण करून द्यावी लागली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. शाळेत मुलांना शिकवते, घरी रोज दोन वेळा चूल सांभाळते. आपल्या घरी रांधणाऱ्या बाईचे नाव कोणत्या पुस्तकात येते? ‘बायकांचे काय, रांधा-वाढा-उष्टी काढा’ असे म्हणून आपण तो विषय संपवतो. एका शहराने मात्र आपली सारी कीर्ती अशा बायकांच्या नावावर जमा केली आहे. क्युर्नोन्स्की या खवय्या लेखकाने १९३५ साली लिऑनला पाककलेची जागतिक राजधानी म्हटले, ते या आयांच्या जिवावर. हे पाहायचे सोडून पनीर खायचे?

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप शाकाहाराचा. तो खरा आहे आणि मला त्याचा आदर आहे. फ्रेंच खाणावळ शाकाहाऱ्यासाठी बांधलेली नाही हे उघड आहे. परंतु दूध, साय, बटाटा, अंडे, पाव, पाला आणि फळे यांवर त्या देशाचे निम्मे जेवण उभे आहे. ज्यांचे सोवळे चीजमधल्या रेनेटपर्यंत पोहोचते त्यांनी आधी विचारून घ्यावे. वन्संचे सोवळे मांसमासळीपाशी थांबते. एक चिठ्ठी पुरते. शाकाहार हे व्रत आहे. व्रत करणारा माणूस आपल्या ताटात काय आले ते पाहतो, दुसऱ्याच्या घराचे दार बंद करीत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. दोघींचे सहा हजार रुपयांच्या आसपास झाले. ते थोडे नाहीत. पण आमच्याच बसमधल्या मंडळींनी स्वित्झर्लंडमध्ये गाईच्या गळ्यातल्या घंटा, चाकू आणि चॉकलेटे यांवर किती खर्च केला ते मी पाहिले आहे. त्या घंटा आज कपाटावर धूळ खात असतील.

तिसरा आक्षेप पोटाचा : ‘सवय नाही, बिघडेल.’ सवय पनीराची तरी कुठे होती? आणि चौथा आक्षेप कोणी तोंडाने काढत नाही, पण मनात असतो तो लाजेचा. काटा कुठल्या हातात, चमचा कुठला, यादी कशी वाचायची, लोक हसतील. माझा अनुभव असा, की कोणाला सवड नसते. सगळे जेवत असतात.

याच्या उलट टोकाच्या लोकांनाही मी सोडणार नाही. परदेशात जाऊन तारेवाल्या उपाहारगृहांची यादी घेऊन फिरणारे, ताटलीचा फोटो काढीपर्यंत जेवण थंड करणारे, आणि परतल्यावर ‘आपल्याकडे काय आहे हो?’ म्हणून नाक मुरडणारे. हे आणि पनीरवाले एकाच माळेचे मणी. एकाला दुसऱ्याचे अन्न खाली वाटते, दुसऱ्याला स्वतःचे.

आणि फ्रान्समध्ये सारे सोनेच आहे असेही कोणी समजू नये. जुन्या लिऑनच्या गल्ल्यांतून प्रवाशांना फसवणारे खोटे बुशों पुष्कळ झाले, म्हणून १९९७ साली खऱ्या बुशोंच्या बचावासाठी संस्था निघाली आणि २०१२ पासून खऱ्यांच्या दारावर खूण लागू लागली. डबाबंद आणि गोठवलेले पदार्थ गरम करून वाढणारी उपाहारगृहे वाढली, म्हणून २०१४ साली ‘घरी केलेले’ अशा खुणेचा कायदा करावा लागला. पातेल्यावर घराचे छप्पर अशी ती खूण. म्हणजे त्यांच्याही चुलीला धोका आहेच. फरक इतकाच की त्यांनी धोका ओळखला आणि लढा मांडला. २०१० साली युनेस्कोने फ्रेंचांच्या भोजनाला मानवजातीचा वारसा म्हटले, तेव्हा मान एखाद्या पदार्थाला दिला नाही. माणसांनी एकत्र बसून, क्रमाने, सावकाश जेवण्याच्या रीतीला दिला.

लिऑनचा खरा धडा आपल्याला बोचणारा आहे. तेथे विणकराची न्याहारी आणि खाटकाकडचे उरलेसुरले यांवर शहराने मानाची मोहोर उठवली. आपल्याकडे वजडी, चान्या खाणाऱ्यांचे ताट कोणी पाहिले? शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणावर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली लिहिले, तेव्हा कित्येक मराठी घरांना आपल्या शेजारच्या चुलीवर काय शिजते हे प्रथमच कळले. शेजारच्या चुलीची ज्याला शिसारी, तो सात समुद्रांपलीकडच्या चुलीपाशी कसा बसेल? परदेशातला पनीरचा हट्ट विमानतळावर जन्मत नाही. तो आपल्या गल्लीत जन्मतो, आपल्या पंक्तीत वाढतो, आणि मग पासपोर्ट काढून युरोपला जातो.

म्हणून सहली काढणाऱ्यांना माझे सांगणे आहे : तुमचे अभयवचन ठेवा; म्हाताऱ्या माणसांना, पथ्याच्या माणसांना त्याची गरज आहे. पण प्रत्येक देशात एक संध्याकाळ मोकळी सोडा. त्या देशाच्या भाषेत लिहिलेली एक चिठ्ठी प्रत्येकाच्या हाती द्या, आणि एका चांगल्या खाणावळीचा पत्ता द्या. आणि जाणाऱ्यांना, विशेषतः माझ्या भगिनींना, सांगणे असे : तुम्ही वर्षानुवर्षे इतरांना वाढत आला आहात. एक संध्याकाळ परक्या बाईला तुम्हांला वाढू द्या. ती काय वाढते ते खा, नको ते नको म्हणा, आणि आवडले तर तिला तसे सांगा. भाषा येत नसली तरी रिकामी ताटली तिला वाचता येते.